गळ्याशी आलेली हौस

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातल्या सभ्य पुरुषाला घाम गाळायची पूर्ण मुभा होती, फक्त गळा उघडा टाकायची नव्हती. टेनिस खेळा, गोल्फ खेळा, घोड्यावर बसून कोल्ह्यामागे दुसऱ्याची शेतं तुडवा, नाहीतर नव्याने निघालेल्या मोटारीत बसून धूळ खा. गळ्याला काहीतरी गुंडाळलेलं हवंच. हॅरी व्हार्डनने 1896 ते 1914 या काळात गोल्फची ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली, ती टाय आणि जाकीट घालून. रेजी आणि लॉरी या डोहर्टी बंधूंनी 1897 ते 1906 या दहा वर्षांत विंबल्डनची नऊ एकेरी विजेतेपदं घरात आणली. लांब बाह्यांचा शर्ट, लांब पँट, सगळा सरंजाम अंगावर ठेवून. एवढ्या घट्ट कपड्यांत आम्ही जेमतेम रिसेप्शनला उभे राहतो, तेही फोटोग्राफर ‘झालं’ म्हणेपर्यंत.

माझा आणि टायचा संबंध तर एका गाठीपुरताच. लग्नाच्या रिसेप्शनला मावसभावाने मला मरून रंगाचा टाय बांधून दिला. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात टाय बांधता येणारा तो एकटा, त्यामुळे लग्नसराईत त्याला नवरदेवापेक्षा जास्त मागणी. “गाठ सोडू नकोस. ढिली करायची आणि डोक्यातून काढायची,” एवढं त्याने बजावलं होतं. मी आज्ञाधारक माणूस. ती गाठ बँकेच्या नोकरीत ऑडिटरसमोर गेली, झोनल मॅनेजरांच्या निरोप समारंभांना गेली आणि दर वेळी कपाटाच्या दाराला आतून मारलेल्या खिळ्यावर जशीच्या तशी परत येऊन लटकली. मावसभाऊ पुढे बडोद्याला स्थायिक झाला. गाठ आमच्याकडे राहिली. तिला इंग्रजीत ‘फोर-इन-हँड’ म्हणतात आणि हे नाव चार घोड्यांची गाडी हाकणाऱ्यांच्या शौकावरून आलं, हे मला निवृत्तीनंतर कळलं. आयुष्यभर मी चार घोड्यांची गाठ गळ्यात घालून साडेदहाची लोकल गाठत होतो.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं मुलाकडे इंग्लंडला गेलो. लेस्टरच्या बाजूचं लहानसं गाव. गावात एक चर्च, एक पब, एक लायब्ररी आणि एक क्रिकेटचं मैदान. चर्च आपलं नाही, पबकडे ही फिरकू देईना, मैदानावर ऐन मे महिन्यात कानटोपी लागावी असा वारा. राहता राहिली लायब्ररी. तिथे हीटरजवळची खुर्ची अडवून बसायचं तर हातात काहीतरी धरावं लागतं, म्हणून मी पुरुषांच्या जुन्या पोशाखांवरचा एक जाडजूड सचित्र ग्रंथ उचलला. रिकामा वेळ आणि सचित्र ग्रंथ एकत्र आले की माणसाला आपण तज्ज्ञ झालो असं वाटायला फार दिवस लागत नाहीत.

मग रात्री जेवताना मी सुरू व्हायचो. 1845 साली आय झिंगारी नावाचा, स्वतःचं मैदानच नसलेला, गावोगाव फिरून खेळणारा क्रिकेट क्लब निघाला आणि त्याने काळा, लाल आणि सोनेरी असे आपले रंग ठरवले. 1880 साली ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजातल्या होड्या वल्हवणाऱ्या पोरांनी आपल्या गवती टोप्यांवरच्या रंगीत फिती सोडवल्या आणि गळ्यात बांधल्या. झाला कॉलेजचा टाय! त्यानंतर शाळा, पलटणी, क्लब, सगळ्यांचे टाय निघाले. ज्याच्या गळ्यात आपल्या रंगाची फीत तो आपला. ज्याच्या गळ्यात नाही तो बाहेरचा. आणि ज्याने हक्क नसताना घातली, त्याच्यासारखा हलकट कोणी नाही.

“म्हणजे जानवंच की,” भात वाढता वाढता ही म्हणाली.

मी गप्प झालो. पण माझं गप्प होणं ताक-भातापर्यंतही टिकत नाही. मी पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांवर आलो. त्यांच्या गळ्यातला पांढरा रेशमी रुमाल छानछोकीचा नव्हता. विमान उघडं, शत्रू मागून येतोय का हे बघायला मान सारखी गरागरा फिरवायची, आणि गणवेशाच्या कॉलरने गळ्याची कातडी सोलवटायची. शिवाय त्या इंजिनांना वंगण म्हणून एरंडेल घालत. ते वाऱ्याबरोबर उडून चष्म्यावर बसलं की पुसायला गळ्यातलाच रुमाल. मोटारवाल्यांनी आणि पुढे कॉलेजकुमारांनी तो नुसता ऐटीसाठी उचलला. “मीसुद्धा एक लांब रेशमी स्कार्फ घ्यावा म्हणतो,” असं मी हळूच सुचवून पाहिलं. पण सूनबाईंनी इझाडोरा डंकनचं नाव काढलं. 14 सप्टेंबर 1927, फ्रान्समधलं नीस शहर. ती नर्तकी उघड्या मोटारीत बसली, तिच्या गळ्यातल्या लांब ओढणीचं टोक चाकात गुंतलं आणि जागच्या जागी खेळ आटोपला. हिने ते ऐकून घेतलं आणि स्कार्फचा विषय कायमचा बंद केला. बसने लायब्ररीत जाणाऱ्या माणसाला तो धोका नाही, हे माझं म्हणणं कोणी ऐकलं नाही.

एवढ्यात गावच्या क्लबच्या पॅव्हेलियनचं छप्पर गळायला लागलं.

वर्गणीसाठी क्लबने एक जुन्या वेषातला सामना ठरवला. साल नेमून दिलं 1911. क्लबचे सेक्रेटरी सत्तरीच्या पुढचे, शेलाट्या बांध्याचे, अत्यंत अदबशीर गृहस्थ. मुलगा मला त्यांच्याकडे घेऊन गेला तेव्हा त्यांनी सालाचा खुलासा केला. त्या वर्षी पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडात आला होता आणि बऱ्याच पराभवांनंतर त्यांनी इथल्याच लेस्टरशायरला हरवलं. “युवर मिस्टर बालू,” सेक्रेटरी म्हणाले. पालवणकर बाळू! त्या दौऱ्यात त्यांनी 114 विकेट काढल्या. भाऊ शिवराम हेही त्या संघात होते. मी पुण्याचा, आणि मला हे लेस्टरमधले म्हातारबुवा सांगताहेत. पुढचं मात्र मला ठाऊक होतं. त्याच बाळूंना पुण्यात हिंदू संघातून खेळताना चहा मंडपाच्या बाहेर मिळायचा, वेगळ्या मातीच्या भांड्यात. चेंडू एकच, सगळ्यांच्या हातून फिरलेला. चहा मात्र वेगळा. हे मी सेक्रेटरींना सांगितलं नाही. हिचा तो भातावरचा शेरा आठवला आणि मी त्यांच्या गळ्याकडे बघत बसलो.

त्यांच्या गळ्यात लाल-पिवळ्या पट्ट्यांचा टाय होता. एमसीसी, मेरिलबोन क्रिकेट क्लब, स्थापना 1787, मुक्काम लॉर्ड्स. या रंगांना तिकडे ‘अंडं आणि बेकन’ म्हणतात. विल्यम निकोल्सन नावाच्या सभासदाने लॉर्ड्सचं मैदान विकत घ्यायला क्लबला पैसे पुरवले आणि त्याच्या जिनच्या बाटलीवरचे रंग क्लबने गळ्यात बांधले, असं सांगतात. सभासद व्हायला अर्ज केला की नंबर लागेपर्यंत माणसाचे केस पिकतात. सेक्रेटरींनी तारुण्यात नाव नोंदवलं होतं. टाय गळ्यात पडला तेव्हा ते आजोबा झाले होते. हे सांगताना त्यांचा हात नकळत गाठीकडे गेला.

संघात एक माणूस कमी होता. “बाबा कॉलेजात खेळायचे,” मुलगा बोलून गेला. मी कॉलेजात धावफलकाचे आकडे लटकवायचो. पण परदेशात मुलाला खोटं कसं पाडणार?

दुसऱ्या दिवशी मी आणि ही लेस्टरमधल्या एका जुन्या कपड्यांच्या दुकानात शिरलो. तिथे पुठ्ठ्याच्या गोल डब्यात सुट्या कॉलर मिळाल्या, काडेपेटीत दोन सुटी बटणं मिळाली, आणि एका टोपलीच्या तळाशी मिळाला एक जीर्ण टाय. लाल-पिवळा. मी हातातला गरम पापड टाकावा तसा तो टाकणार, एवढ्यात हिने पकडला. तिने तो उलटा केला, अस्तर पाहिलं, दोन्ही हातांत धरून किंचित ओढला.

“उभ्या धाग्यावर कापलाय. उरेब नाही.”

मी चकित. कारण ग्रंथात हेच होतं! 1924 साली न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने टायचं कापड पंचेचाळीस अंशांत तिरकं कापून तीन तुकड्यांत जोडायची युक्ती काढली. तिरक्या कापामुळे कापड ताणलं जातं आणि परत जागेवर येतं. गाठ सोडली की चुरगळा निघून जातो. त्याआधीचे टाय सरळ कापलेले असत, एकदा पिळवटले की पिळवटले. पट्ट्यांवरूनही कळतं: आडवे विणलेले पट्टे उरेब कापले की आपोआप तिरके दिसतात. या टायचे पट्टे सरळ आडवे होते. अमेरिकेने जे पेटंटमध्ये बंद केलं, ते आमच्या घरात ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावताना रोज चालू होतं, आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो.

“घ्या,” ही म्हणाली. “रंग माझ्या नारायणपेठवर जातील.”

“अगं, तो घालता येत नाही. सभासदांचा आहे.”

“दोन पाउंडांना आहे.”

दोन पाउंड दिले. आणि घरी येता येता माझ्या डोक्यात किडा वळवळला. त्या काळचे क्रिकेटर पँटीला पट्टा म्हणून चक्क टाय किंवा रुमाल कमरेला बांधत. गळ्यात घातला तर तोतयेगिरी. कमरेला बांधला, वरून स्वेटर ओढला, तर कोणाला दिसणार? सेक्रेटरींनी आपल्या ट्रंकेतली फ्लॅनेलची जुनी पँट मला दिली होती. त्यांच्या कोणा काकांची होती ती. काका भरदार असावेत.

“रेशीम आहे, सरकेल,” ही म्हणाली. “नाडी घाला.”

एडवर्डच्या काळातल्या फ्लॅनेलला नाडी! मी उत्तरसुद्धा दिलं नाही.

आता कॉलर. त्या काळी कॉलर शर्टाला शिवलेली नसे. शर्ट वेगळा, कॉलर वेगळी, आणि दोघांना जोडणारी मागची-पुढची बटणं तिसरीकडे. हे सगळं न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावातून सुरू झालं. 1827 साली हॅना माँटेग्यू नावाच्या बाईला नवऱ्याचे शर्ट धुऊन धुऊन उबग आला. मळते ती फक्त कॉलर, मग अख्खा शर्ट का धुवायचा? तिने कात्री घेतली आणि कॉलरी कापून काढल्या. माझ्या सगळ्या व्याख्यानमालेत हिला मनापासून आवडलेली व्यक्ती ही एकटी. तिच्या सन्मानार्थ हिने माझ्या कॉलरीला साबुदाण्याची खळ केली. पातळ नव्हे, घरच्या सुती साड्यांना करते तशीही नव्हे. पातेलंभर खळीत कॉलर दोनदा बुडाली, वाळली, आणि इस्त्रीखालून निघाली तेव्हा टेबलावर ठेवल्यावर खणकन आवाज आला.

1905 पासून अमेरिकेत ‘ॲरो’ कॉलरच्या जाहिराती जे. सी. लायेंडेकर रंगवत असे. त्या चित्रांतल्या तरुणाची हनुवटी कॉलरीच्या वर सुरीने कापल्यासारखी रेखीव येते. माझी हनुवटी कुठे संपते आणि गळा कुठे सुरू होतो, याबद्दल दाढी करताना मलाच शंका असते. सामन्याच्या सकाळी मुलाने मागचं बटण लावलं, सूनबाईंनी पुढचं. मावसभावाची मरून गाठ डोक्यातून खाली आली आणि कॉलरीच्या घडीत बसली. आणि माझ्या लक्षात आलं की आता मान हलत नाही. डावीकडे बघायचं तर खांद्यांसकट वळायचं. खाली बघायचं तर कमरेतून वाकायचं. नात म्हणाली, “आजोबा रोबोट झाले!” मी तिला प्रेमाने रागवायला मान फिरवली, आणि शेजारच्या फ्रिजवर रागावलो.

मैदानावर मात्र रंग भरला होता. नळदुरुस्तीवाल्याने खोट्या मिशा लावल्या होत्या, पाववाल्याने तुकड्यातुकड्यांची गोल टोपी. धावा मांडायला बसलेल्या बाईंनी घोडेस्वारीचा पोशाख केला होता: काळा कोट आणि गळ्याशी पांढराशुभ्र स्टॉक. शिकारीच्या घोडेस्वारांचा हा गळपट्टा, लांबच लांब. पुढून मागे नेऊन, मानेमागे एका चिरेतून टोक काढून परत पुढे आणायचा, गाठ मारायची आणि त्यावर सोन्याची साधी पिन आडवी टोचायची. आडवीच, कारण घोड्यावरून पडलात तर उभी पिन गळ्यात घुसेल. मी बाईंना ही माहिती दिली. त्या जन्मभर घोड्यावर बसत आल्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

ही त्यांच्या शेजारीच खुर्ची टाकून बसली. दोघींना एकमेकींचं इंग्रजी कितपत कळत होतं देव जाणे, पण मधून मधून दोघी माझ्याकडे बघून माना हलवत होत्या. त्यांच्या माना हलत होत्या.

क्षेत्ररक्षणात मला सीमारेषेवर झाडाखाली ठेवलं. तिथे चेंडू आला नाही, ही परमेश्वराची कृपा. पण शेवटी आमच्या डावात दहावा गडी बाद व्हायचा बाकी असताना, जिंकायला थोड्याच धावा उरलेल्या असताना, मी आत गेलो.

क्रिकेटमध्ये फलंदाज कुशीवर उभा राहतो आणि हनुवटी डाव्या खांद्याकडे नेऊन गोलंदाजाकडे बघतो. हे वाक्य पुस्तकात सोपं वाटतं. साबुदाण्याच्या खळीत ते अशक्य आहे. मी कुशीवर उभा राहिलो की मला पॉइंटचा क्षेत्ररक्षक दिसे, स्वच्छ, त्याच्या खिशातल्या रुमालासकट. गोलंदाज दिसायचा तर मला छाती पुढे करून उभं राहावं लागे, आणि तसं उभं राहिलं की बॅटचं काय करायचं ते कळेना. कॉलरीची धार हनुवटीखाली रुतत होती. मला ते वैमानिक आठवले आणि त्यांचा रेशमी रुमाल आठवला.

नळदुरुस्तीवाल्याने मिशी सावरून चेंडू टाकला. तो मी पाहिला नाही, ऐकला. पॅडवर लागून मागे गेला. समोरून मुलगा ओरडला, “बाबा, पळा!”

पळालो. आणि आठ-दहा पावलांत कमरेभोवतालची परिस्थिती बदलली. मी कमरेला टाय बांधला होता खरा, पण मला येत होती ती एकच गाठ, तीही बांधता नव्हे. खिळ्यावरच्या मरून टायकडे बघून बघून उतरवलेली. त्या गाठीचा स्वभाव असा की एक टोक ओढलं तर आवळते, दुसरीकडून ताण आला तर मोकळी होते. गळ्यात हा गुण. कमरेत नाही. रेशीम सरकलं, काकांची फ्लॅनेल काकांच्या आठवणीने खाली निघाली. एका हातात बॅट, दुसऱ्या हाताने पँट. मग दोन्ही हातांनी पँट, आणि बॅट कुठेतरी मागे. रेषा दोन हातांवर आली. मी अंग झोकून दिलं. मनगट खाली आलं, त्यावर मी आलो, आणि गळ्याशी ‘टक्’ असा आवाज होऊन पुढचं बटण हवेत उडालं. कॉलर एका बाजूने सुटून कानाशी उभी राहिली. यष्ट्या केव्हाच उडाल्या होत्या.

व्हार्डनने 1905 साली गोल्फवरच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय की खेळताना कमरेला पट्टा बांधू नका, खांद्यावरून पट्टे लावा. त्याचं कारण वेगळं होतं, पण सल्ला हाच होता. तो मी लायब्ररीत वाचला होता. दोनदा.

सामना संपला होता, पण मैदानावरून कोणी जाईना. मी आडवा पडल्या पडल्या “बटण! बटण!” म्हणत होतो, आणि ही माणसं इतकी सभ्य की अकरा क्षेत्ररक्षक आणि दोन पंच, तेरा माणसं 1911 च्या वेषात गुडघ्यांवर बसून गवत चाचपू लागली. सुटं बटण हरवणं हा त्या काळातल्या पुरुषांचा रोजचा उद्योग असे. टेबलाखाली रांगणारा नवरा हे तेव्हाच्या विनोदी चित्रांचं ठरलेलं गिऱ्हाईक. आमच्या सामन्यातली सगळ्यात अस्सल ऐतिहासिक गोष्ट घडली ती ही. तेवढ्यात सेक्रेटरी माझ्याकडे चालत येताना दिसले. वाटेत ते थांबले. खेळपट्टीच्या मधोमध काहीतरी पडलं होतं. त्यांनी वाकून ते दोन बोटांनी उचललं.

लाल-पिवळं.

त्यांच्या गळ्यात एक आणि बोटांत एक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी दोन्ही हातांनी कुठे धरून बसलोय ते पाहिलं, आणि अत्यंत अदबीने विचारलं, “हा आपला का?”

“नाही,” मी म्हणालो.

“आमचाच आहे,” सीमारेषेवरून ही मराठीतच ओरडली. “दोन पाउंड दिलेत!”

पुढचं सगळं घोडेस्वार बाईंनी हातात घेतलं. माझं मनगट सुजायला लागलं होतं. त्यांनी पिन काढून दातांत धरली, गळ्यातला स्टॉक फर्रकन सोडला आणि माझा हात छातीशी धरून झोळीत बांधला. इतक्या सफाईने की मी कळवळायच्या आत आडवी पिन टोचून झाली होती. शिकारीत स्वाराचा हात मोडो की घोड्याचा पाय कापो, पहिली पट्टी म्हणजे गळ्यातला स्टॉक. म्हणून तर तो एवढा लांब. हेही ग्रंथात होतं. बाईंना ते हातात होतं. गाठ मारता मारता त्या मला म्हणाल्या, “खरं सांगू? त्या काळचे क्रिकेटर खेळताना बहुतेक मऊ, उघड्या गळ्याचेच शर्ट घालत. ब्लेझर आणि टाय फोटोपुरता.” मी लायब्ररीत पाहिलेली चित्रं आठवून पाहिली. सगळी गटाची. सगळे बसलेले.

आमचाही फोटो निघाला. त्यात मी मागच्या रांगेत एका टोकाला, झोळीत हात, एका बाजूला कॉलर कानाशी. काकांच्या पँटीवर मुलाच्या बॅगेची दोरी आवळलेली. म्हणजे नाडीच. मरून गाठ मात्र जागेवर आहे. मावसभावाला तो फोटो पाठवला तर त्याने फक्त गाठीला अंगठा दाखवला.

छपरापुरते पैसे जमले, म्हणून पुढच्या रविवारी पॅव्हेलियनमध्ये चहा होता. मनगटाला रीतसर पट्टी होती, त्यामुळे मला टी-शर्टमध्ये यायची परवानगी मिळाली. ही नारायणपेठ नेसून आली. आणि दारातच माझं लक्ष गेलं: ब्लाउजच्या गळ्याला, बाह्यांना नाजूक लाल-पिवळी किनार. सरळ धाग्यावरचा तो टाय तिने उसवला होता, उरेब कापला होता, तुकडे जोडले होते. आडवे पट्टे आता छान तिरके झाले होते. मी तिला एका कोपऱ्यात न्यायचा प्रयत्न केला, पण सेक्रेटरी चहाचा कप घेऊन समोर आले. त्यांची नजर किनारीवर गेली आणि तिथेच राहिली. एमसीसीने बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते 1998 साली. दोनशे वर्षं त्यांना त्यावर विचार करावा लागला होता. सेक्रेटरींचा हात स्वतःच्या गाठीकडे गेला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला, आणि डोळ्यांत मिश्कील हसू आणून त्यांनी हिला विचारलं, “हे रंग मिळवायला आपल्याला किती काळ लागला?”

मुलाने भाषांतर केलं.

“एक दुपार,” ही म्हणाली. “मशीन नव्हती ना, हातशिलाई केली.”